एकच डोंगर, इतकी वर्षं: सेझान आणि माँ साँत-व्हिक्तुआर

तैलगंध
फ्रेंच चित्रकार पॉल सेझानने दक्षिण फ्रान्समधल्या आपल्या गावाजवळचा, एक्स-आँ-प्रोव्हाँसजवळचा, माँ साँत-व्हिक्तुआर हा डोंगर आयुष्यभर रंगवला. १८७० च्या सुमारास त्याने रेल्वेसाठी फोडलेल्या खिंडीचं एक चित्र केलं (ते म्युनिकला आहे). त्यात हा डोंगर उजवीकडे मागे उभा आहे. ऑक्टोबर १९०६ मध्ये सेझान गेला, तोवर त्या डोंगराचं काम संपलेलं नव्हतं. तीसहून जास्त तैलचित्रं आणि निदान तितकीच जलरंगातली, असा हिशेब साधारणपणे सांगतात.

प्रश्न कामाच्या पद्धतीचा आहे. त्याचाच समकालीन फ्रेंच चित्रकार क्लोद मोने रूआँ शहराच्या कॅथेड्रलसमोर बसला तेव्हा उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा, ते समजतं. सेझान मात्र एकच कॅनव्हास महिनोन्महिने पुढे नेत होता. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयातल्या, याच डोंगराच्या चित्राची तारीखच १९०२–०४ अशी लिहितात. उघड्यावर ऊन अर्ध्या तासात फिरतं. मग दुसऱ्या दिवशी किंवा दुसऱ्या महिन्यात त्याच कॅनव्हासवर पुन्हा ब्रश टेकवायचा तो कशाच्या भरवशावर? आणि हे आपल्याकडे, एखाद्या गडासमोर बसून, जमण्यासारखं आहे का? जाणकारांनी प्रत्यक्ष कामाच्या अंगाने लिहावं.

गेरू
चांगला धागा. सुरुवात दिशेपासून करू, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे.

डोंगर एक्स गावाच्या पूर्वेला आहे. म्हणजे सकाळी सूर्य त्याच्या मागे असतो आणि गावाकडची बाजू काळपट, सपाट दिसते. दुपार कलली की तीच बाजू समोरून उजळते आणि खडकाचे सगळे कोपरे मोकळे होतात. एमिल बर्नार हा तरुण चित्रकार १९०४ मध्ये महिनाभर एक्सला होता, त्याने सेझानचा दिनक्रम लिहून ठेवला आहे: सकाळी सहा ते साडेदहा स्टुडिओत, मग जेवण, आणि लगेच डोंगरासमोर, ते संध्याकाळी पाचपर्यंत. म्हणजे उजेड त्याने वाऱ्यावर सोडलेला नव्हता. दिवसातला एकच तुकडा ठरवून घेतला होता, ज्यात डोंगर समोरून उजळलेला असतो आणि सावल्या एकाच बाजूला पडतात. मोनेने बदलता उजेड हा विषय केला. सेझानने उजेडाचा पट्टा पक्का केला आणि त्यात बाकीचं शोधलं.

भूस्तर
गेरू यांना दुजोरा. खडकाबद्दल थोडी भर घालतो.

साँत-व्हिक्तुआर ही खरं तर पूर्व-पश्चिम पसरलेली जवळपास १८ किलोमीटर लांबीची चुनखडीची रांग आहे. सर्वांत उंच टोक १,०११ मीटरचं, पण ते मागे राहतं. एक्सकडून आपण रांगेकडे टोकावरून पाहतो, म्हणून ती त्रिकोणी सुळक्यासारखी दिसते. पश्चिमेचं टोक ९४६ मीटर. दक्षिणेला गेलात तर हाच डोंगर लांबलचक भिंत होतो, आणि ती भिंत सेझानच्या चित्रांत जवळजवळ नाहीच. 'तोच डोंगर' म्हणताना त्याची एकच बाजू आणि मोजक्या चार-पाच जागा, असं म्हणणं जास्त बरोबर.

चुनखडी पांढरट राखाडी असते. ती स्वतःचा रंग जवळजवळ लावत नाही, आभाळाचा आणि उन्हाचा घेते. म्हणून एकाच खडकावर निळा, जांभळा, गुलाबी, पिवळट असं सगळं खपून जातं. पायथ्याची माती लाल आहे आणि एक्सजवळच्या बिबेम्युसच्या खाणीचा दगड गेरूपिवळा. पॅलेट जमिनीतूनच ठरत जातं.

काटकोन
आकारमानाचा हिशेब करून बघा, फार काही उलगडतं.

ले लोव्ह टेकडीवरून, म्हणजे सेझानच्या शेवटच्या स्टुडिओच्या वरच्या अंगाहून, शिखर सरळ रेषेत साधारण ११ किलोमीटर. उंचीतला फरक साधारण साडेसहाशे मीटर. म्हणजे डोंगर डोळ्यासमोर जेमतेम साडेतीन अंश उभा राहतो. हात लांब करून (डोळ्यापासून ६० सेंमी) पेन्सिल धरली तर सगळा डोंगर साडेतीन सेंटिमीटरमध्ये मावतो. ५० मिमी लेन्सच्या आडव्या फोटोत तो उंचीच्या आठव्या हिश्शाइतका येतो, मोबाइलच्या नेहमीच्या लेन्समध्ये तर आणखी बारीक. सेझानच्या कॅनव्हासवर तो याहून कितीतरी मोठा आहे.

अर्ल लोरन या अमेरिकन चित्रकाराने १९२० च्या दशकात एक्सला राहून त्या त्या जागांचे फोटो काढले आणि चित्रांशेजारी ठेवले. त्यात हेच दिसलं: लांबचा डोंगर पुढे ओढून मोठा केलेला, जवळच्या गोष्टी लहान केलेल्या. फोटोवरून ही चित्रं समजून घ्यायला जाणारे इथेच फसतात.

सावलीशोध
@काटकोन, तो मुद्दाम मोठा करायचा की नुसतं तसं दिसायचं?

काटकोन
दोन्ही. लांबच्या एका गोष्टीवर नजर रोखली की बाकीचं विरघळतं आणि ती मोठी वाटते. पौर्णिमेचा चंद्र क्षितिजावर मोठा वाटतो त्यातलंच. पण पेन्सिलने मोजलं तर खरं माप हाती लागतं, आणि मोजायचं नाही हा निर्णय चित्रकाराचा असतो.

आता तैलगंध यांच्या प्रश्नाला धरून एक व्यवहारातली गोष्ट. डोंगर ११ किलोमीटरवर असल्यामुळे तुम्ही चार पावलं सरकलात तरी तो हलत नाही. जवळची फांदी मात्र हलते. फांदी ४ मीटरवर असेल आणि डोकं ३० सेंमी सरकलं, तर फांदी चार अंशांहून जास्त सरकते, म्हणजे डोंगराच्या पूर्ण उंचीपेक्षाही जास्त! उभं राहून काम आणि स्टुलावर बसून काम यात डोळ्याची उंची सहज ४० सेंमीने बदलते. लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत १८८७ च्या सुमाराचं मोठ्या पाइनच्या झाडाचं चित्र आहे. त्यात फांदी डोंगराच्या कडेला अगदी समांतर धावते. अशी जुळणी दोन बोटं इकडे-तिकडे झाली तरी मोडते. म्हणून पुन्हा पुन्हा येणार असाल तर ईझलच्या (कॅनव्हास ठेवायच्या तिकाटीच्या) तिन्ही पायांच्या जागी जमिनीत खुंट्या ठोका, आणि बसायचं की उभं राहायचं ते पहिल्या दिवशी ठरवा.

कुंचला२२
सेझानने मुलाला ८ सप्टेंबर १९०६ ला पत्र लिहिलं, त्यात हेच आलं आहे. नदीकाठी बसला होता. म्हणतो की इथे विषय वाढतच जातात, जागा न बदलता, जरा उजवीकडे जरा डावीकडे वळून, महिनोन्महिने काम पुरेल. सदुसष्टाव्या वर्षी लिहिलेलं पत्र आहे हे. मला ते फार मोलाचं वाटतं.

नीलमोहर
मी थोडा विरोधी सूर लावतो. 'मोने म्हणजे घड्याळ, सेझान म्हणजे रचना' ही विभागणी शाळेच्या पुस्तकाला ठीक आहे. मोनेने रूआँला १८९२ आणि १८९३ अशा दोन खेपा केल्या, दोन्ही वेळा हिवाळा सरताना. कॅथेड्रलसमोरच्या इमारतींमधल्या वेगवेगळ्या खोल्यांतून काम केलं, चौदापर्यंत कॅनव्हास एकाच वेळी हाताळले. पण चित्रं पुरी केली घरी, जिव्हेर्नीच्या स्टुडिओत. तारखा बहुतेकांवर १८९४ घातल्या, आणि मे १८९५ मध्ये वीस चित्रं एकत्र मांडली. म्हणजे 'सकाळचे साडेनऊ' वगैरे जे आपण म्हणतो ते निम्मं स्टुडिओत एकमेकांशेजारी ठेवून जुळवलेलं आहे. महिनोन्महिने तोही काम करत होता, फक्त कॅनव्हास वेगवेगळे होते.

गेरू
@नीलमोहर, मान्य. पण एक फरक राहतोच. मोनेची चित्रं एकमेकांशेजारी टांगली की पुरी होतात. सेझानचं प्रत्येक चित्र एकटं उभं राहतं.

फिरस्ती
जपानी चित्रकार होकुसाईला कसं विसरलात? फुजी पर्वताच्या 'छत्तीस' दृश्यांची मालिका, १८३० नंतरची. प्रत्यक्षात छापे ४६ झाले, खप बघून दहा वाढवले. तिथे मात्र चित्रकार फिरतो आणि पर्वत एका जागी. कुठे लाटेमागे, कुठे पिंपाच्या गोलातून. सेझानच्या नेमकं उलट. दोघांत एक धागा आहे: प्रशियन निळा. होकुसाईची ती मालिका त्या निळ्यावर उभी आहे, आणि सेझानच्या पॅलेटवरही तो होता.

तैलगंध
@फिरस्ती, पॅलेटचा विषय काढलाच आहे तर बर्नारने उतरवून घेतलेली यादी कोणाकडे आहे का?

गेरू
आहे. पिवळे पाच: ब्रिलियंट यलो, नेपल्स यलो, क्रोम यलो, यलो ऑकर, रॉ सिएना. लाल सहा: व्हर्मिलियन, रेड ऑकर, बर्न्ट सिएना, रोझ मॅडर, कार्माइन लेक, बर्न्ट लेक. हिरवे तीन: व्हेरोनीज ग्रीन, व्हिरिडियन, टेर व्हर्ट. निळे तीन: कोबाल्ट, अल्ट्रामरीन, प्रशियन. आणि पीच ब्लॅक. पांढरा वेगळा.

दुकानात जाण्याआधी एक घोळ समजून घ्या. फ्रेंच यादीत 'व्हेर एमरोद' लिहिलेलं असतं. त्याचं शब्दशः 'एमरल्ड ग्रीन' होतं, आणि बरेच जण तसं नाव असलेली ट्यूब घेऊन येतात. पण फ्रेंचमधला व्हेर एमरोद म्हणजे आपला व्हिरिडियन, ट्यूबवर पीजी१८ हा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला असतो. इंग्रजीतला जुना एमरल्ड ग्रीन म्हणजे फ्रेंचांचा व्हेरोनीज. तो तांबं आणि आर्सेनिकचा, जहाल विषारी रंग. आज त्या नावाने जे मिळतं ते मिश्रण असतं, आणि ते बरंच आहे. व्हेरोनीज वगळलात तरी डोंगराचं काही अडत नाही. व्हिरिडियनमध्ये पांढरा आणि चिमूटभर पिवळा पुरतो.

रोझ मॅडर आणि कार्माइन उन्हाने उडतात. गुलाबी छटा टिकवायच्या असतील तर क्विनॅक्रिडोन (पीव्ही१९) घ्या. क्रोम यलो शिशाचा असतो आणि काळवंडतो, त्याऐवजी कॅडमियम यलो किंवा हान्सा यलो चालेल.

जलरेखा
जलरंगाबद्दल लिहिते, कारण मूळ प्रश्नाचं उत्तर जलरंगात जास्त स्पष्ट दिसतं.

बर्नारने सेझानला याच डोंगराचं जलरंगचित्र करताना पाहिलं. सुरुवात सावलीपासून. एक डाग. त्यावर पहिल्यापेक्षा थोडा मोठा, कडेने बाहेर येणारा दुसरा. मग तिसरा. असे पारदर्शक पडदे एकावर एक, आणि त्यातूनच रंग आणि घडण दोन्ही तयार. आधी बाह्यरेषा काढून आत रंग भरायचा, असं नाही.

करून बघायचं असेल तर: ३०० ग्रॅमचा कागद, हलकी पेन्सिल, फक्त वळणं जिथे आहेत तिथे. पहिला डाग पातळ कोबाल्टचा, डोंगराच्या उजव्या उतारावरच्या सर्वांत गडद घळीत. पूर्ण वाळू द्या. बोटाची मागची बाजू कागदाला लावा: गार लागला तर तो अजून ओला आहे. मग व्हिरिडियन, कडेला कोबाल्टचा अर्धा सेंटिमीटर मोकळा ठेवून. मग ऑकर, मग गुलाबी. प्रत्येक डागाची एक कडा उघडी राहिली पाहिजे, सगळी जादू त्या कडांत आहे. उजळ भाग म्हणजे कोरा कागद, तिथे ब्रश न्यायचाच नाही.

बिघडतं कुठे? पहिला थर अर्धवट ओला असताना दुसरा लावला की पाणी मागे सरकतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उठतात. प्रोव्हाँसमध्ये मिस्त्राल नावाचा कोरडा वारा वाहतो, थर दोन-चार मिनिटांत वाळतो. कोकणात जुलैत त्याच थराला वीस मिनिटं लागतील. दुसरं, प्रशियन निळा कागदात रुतून बसतो, पुसून निघत नाही. पहिल्या थरांना तो वापरू नका. आणि चार थरांनंतर थांबा. पाचव्याला पारदर्शकता मरते आणि चिखल होतो.

सावलीशोध
जलरेखाताई, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला आहे. तैलरंगातही तो कोरा कॅनव्हास सोडायचा ना?

जलरेखा
हो, शेवटच्या वर्षांत भरपूर. ले लोव्हच्या चित्रांत ठिकठिकाणी अस्तर उघडं दिसतं. जलरंगातून शिकलेली गोष्ट तिकडे नेली असं माझं मत.

तैलकाम
तैलरंगाची बाजू मी मांडतो.

महिनोन्महिने एकाच कॅनव्हासवर काम करायचं तर वाळण्याचा वेग माहीत हवा. प्रशियन, कोबाल्ट, सिएना, शिशाचा पांढरा हे लवकर वाळतात. व्हर्मिलियन, मॅडर, कार्माइन आणि पीच ब्लॅकसारखे काळे हळू. हळू वाळणाऱ्या जाड थरावर लवकर वाळणारा थर दिला की वरचा आधी आवळतो आणि भेगा पडतात. म्हणून खालचे थर पातळ, टर्पेन्टाइन जास्त. जवसाचं तेल वरच्या थरांत. सेझानच्या शेवटच्या चित्रांत ब्रशचे ठोकळे साधारण एकाच दिशेने, उभे किंवा तिरके, शेजारी शेजारी बसवलेले दिसतात. ते एका बैठकीत ओल्यावर ओलं करायला गेलात तर राखाडी लगदा होतो. एका बैठकीत कॅनव्हासभर विखुरलेले तीस-चाळीस ठोकळे, एकमेकांना न शिवणारे. पुढच्या खेपेला, चार-पाच दिवसांनी, मधल्या जागा. असं केलं तर प्रत्येक ठोकळा स्वच्छ राहतो.

चपटा, डुकराच्या केसांचा ब्रश, ८ ते १२ नंबर. कॅनव्हास फ्रेंच मापात २०, २५ किंवा ३० नंबरचा, म्हणजे ७३×६०, ८१×६५, ९२×७३ सेंमी. फिलाडेल्फियाचं चित्र याच ३० नंबरचं. वारा असेल तर एवढं शीड ईझलसकट उलटतं, ईझलच्या मध्याला पिशवी बांधून त्यात ४-५ किलो दगड भरा.

नीलमोहर
'निसर्गाला सिलिंडर, गोल आणि शंकूतून हाताळा' हे बर्नारला एप्रिल १९०४ मध्ये लिहिलेलं वाक्य या डोंगराला चिकटवून लोक क्यूबिझमपर्यंत (घनाच्या, म्हणजे क्यूबच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नंतरच्या चित्रशैलीपर्यंत) जातात. त्या यादीत घन नाहीच! आणि ही चित्रं बघताना एकही सिलिंडर सापडत नाही. पत्रातलं ते वाक्य एका तरुणाला दिलेला अभ्यास म्हणून वाचावं, चित्रांची किल्ली म्हणून वाचू नये.

कुंचला२२
+१

फिरस्ती
आज जाणाऱ्यांसाठी: ऑगस्ट १९८९ मध्ये मोठा वणवा लागला, दक्षिणेच्या अंगाचं साधारण ५,००० हेक्टर रान जळलं. म्हणून उतार सेझानच्या वेळेपेक्षा उघडे दिसू शकतात. चित्रांतला कमानींचा पूल रोमन समजून लोक फोटो काढतात, तो रेल्वेचा आहे. सेझानच्या पिढीसाठी ते नवं बांधकाम होतं. १८७८ मध्ये त्याने आपला मित्र, लेखक झोलाला पत्रात लिहिलं की गाडीतून जाताना डोंगराचा काय सुंदर विषय दिसतो!

भूस्तर
आता तैलगंध यांच्या मूळ प्रश्नाकडे वळू या, त्याचं खरं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही असं वाटतं. ते झाडांत आहे.

सेझानने २ जुलै १८७६ ला लेस्ताक या मार्सेयजवळच्या किनाऱ्यावरच्या गावाहून चित्रकार मित्र पिसारोला लिहिलं की इथे तीन-चार महिने लागतील असे विषय आहेत आणि ते करता येतात, कारण झाडोरा बदलत नाही. ऑलिव्ह आणि पाइन पानं गाळत नाहीत. एक्सच्या मैदानातही पाइन आणि सदाहरित ओक. खाली न बदलणारी हिरवळ, वर चुनखडी, दुपारचा ठरलेला उजेड, कोरडी हवा. म्हणून मे महिन्यातला कॅनव्हास सप्टेंबरात पुढे नेता येतो. मोने १८८९ मध्ये मध्य फ्रान्समधल्या क्रझ नदीच्या दरीत अडकला होता. हिवाळ्यात निष्पर्ण ओक रंगवायला घेतला, पावसाने काम लांबलं, मे उजाडला आणि झाडाला पालवी फुटली. शेवटी मालकाची परवानगी काढून, माणसं लावून त्याने ती पानं खुडून घेतली! पानगळीच्या प्रदेशात एकच कॅनव्हास लांबवण्याची ही किंमत आहे.

तैलगंध
@भूस्तर, हेच हवं होतं. मनापासून आभार. मग आपल्याकडे काय? डोक्यात सिंहगड आहे, पुण्याच्या बाजूने.

गेरू
सिंहगड पुण्याच्या नैर्ऋत्येला. म्हणजे सेझानच्या उलट, आपल्याला समोरचा उजेड सकाळी मिळतो. सात ते साडेनऊ धरा. दुपारनंतर सूर्य गडाच्या मागे आणि सगळं एक काळं पत्र्याचं कापीव. अजून एक: डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेचा उभा उतार बहुतेक वेळ सावलीत राहतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य पुण्यात उत्तरेला झुकतो, तेव्हा तोच उतार उजळतो. म्हणजे उजेडाचा पट्टा वर्षभर सारखा नाही.

भूस्तर
आणि झाडोरा तर मुळीच नाही. जुलैत हिरवागार, ऑक्टोबरात गवत पिवळं, डिसेंबरात तपकिरी, फेब्रुवारीनंतर जळालेल्या गवताचे काळे पट्टे. एक कॅनव्हास फार तर तीन आठवडे चालेल. चार ऋतूंचे चार कॅनव्हास करा आणि पुढच्या वर्षी त्याच पंधरवड्यात तोच कॅनव्हास पुन्हा बाहेर काढा. खडक मात्र तुमच्या बाजूने आहे: बेसॉल्टचे आडवे थर, एकावर एक कडे आणि पायऱ्या. ती आडवी वीण कुठल्याही ऋतूत बदलत नाही. चित्राचा कणा तिथे ठेवा.

तैलकाम
पावसाळ्यात तो कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवू नका, मागे बुरशी धरते. दोन लाकडी पट्ट्यांवर, चार बोटं अंतर सोडून, हवेशीर. दमट हवेत कापड सैल पडतं, मागच्या पाचरी लगेच ठोकू नका. ऑक्टोबरात ते आपोआप ताणतं, आधीच ठोकलेलं असेल तर कोपऱ्यात रंग तडकतो.

तैलगंध
शेवटचं एकच. गडावरचा दूरदर्शनचा मनोरा काढायचा की नाही?

काटकोन
साँत-व्हिक्तुआरच्या ९४६ मीटरच्या टोकावर १८७५ पासून क्रॉस उभा आहे, चबुतऱ्यासह सुमारे १९ मीटर. सेझानच्या कॅनव्हासवर डोंगर २० सेंमी उंच धरला तर तो क्रॉस ६ मिलिमीटर येईल. ब्रशचं एक टोक. त्याने तो एकदाही लावला नाही. सिंहगडावरचा मनोरा त्याच मापाने मोजा आणि कागदावर उभी रेघ ओढून बघा. डोळा कड्यांच्या आडव्या थरांवरून उडून त्या रेघेवर जात असेल तर सोडून द्या.